सात वर, सात खाली

आमच्या भागात वडीलधारं माणूस खाली बसलेलं असलं तर आपण बाजेवर बसून राहत नाही, उठतो. ते माणूस नात्यातलं असो की नसो, ओळखीचं असो की नसो. हे मला कोणी शिकवलं नाही. माझा बाप गावच्या तलावात जाळं टाकायचा, घरात बाज एकच होती. आजा आला की बाप उठायचा, बाप आला की आम्ही उठायचो. एवढीच शाळा. ही गोष्ट मला बी.एस्सी. व्हायच्या कितीतरी आधीपासून माहीत होती, म्हणूनच हे लिहायला बसले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची वर्षं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. ब्रह्मपुरीला एसटीनं जाऊन-येऊन मी पदवी घेतली. कागद घरी आणला तेव्हा बापानं तो हातात घेतला नाही. "हात ओले हायेत," म्हणाला. हात कोरडे होते. मग नागपूरला लॅबचा कोर्स केला, आणि आलापल्लीच्याही पुढे जंगलातल्या एका सरकारी रुग्णालयात लॅबवाली म्हणून लागले. तीस खाटांचं रुग्णालय. बायांचा वॉर्ड, पुरुषांचा वॉर्ड, मध्ये व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला माझी खोली: एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, खिडकीला जाळी. दारावर माझ्या नावापुढे बी.एस्सी. लिहिलं होतं. ते मी स्वतः पेंटरकडून लिहून घेतलं होतं.

धान निसवायला लागलं की आमच्याकडे हिवताप वाढतो. तीस खाटांवर साठ माणसं यायची. मग प्रत्येक खाटेखाली नाहीतर शेजारी सतरंजी टाकायची आणि खाटेचाच नंबर त्या माणसाला द्यायचा. खाटेवरची बाई 'सात वर', सतरंजीवरची 'सात खाली'. नावानं ओळख ठेवणं जमत नव्हतं. एका वॉर्डात एकाच नावाच्या चार बाया निघायच्या, आणि नवऱ्याचं नाव सांगा म्हटलं तर त्या पदर तोंडाशी धरून हसायच्या. नवऱ्याचं नाव बाई कशी घेणार? त्यामुळे औषधाची चिठ्ठी नंबरवर, इंजेक्शनचा ट्रे नंबरवर. माझ्या काचाही नंबरवर. सकाळी आठला मी वॉर्डातून फिरायची, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायची, काचेवर पेन्सिलीनं '७' किंवा '७ खाली' लिहायची.

हे चालत होतं. चालत असलं की चालू आहे असंच वाटतं.

पहिल्यांदा ते पुरुषांच्या वॉर्डात झालं. बारा नंबरवर एक जवान पोरगा होता, हिवतापाचा, सलाईनमधून क्विनाईन चालू. दुपारी एक म्हातारा न्युमोनियाचा आला, त्याला बाराखाली टाकलं. मी संध्याकाळी सहज डोकावले तर म्हातारा वर आणि पोरगा खाली. बाटली म्हाताऱ्याला लागलेली.

मी थेट इन्चार्ज सिस्टरकडे गेले. "सिस्टर, बारा नंबरची माणसं बदलली. क्विनाईन म्हाताऱ्याला चाललंय."

सिस्टर बाहेरच्या जिल्ह्यातल्या होत्या. वीसेक वर्षं नोकरी झालेली. कामाला वाघीण होत्या, हे मी आजही म्हणते. साठ पेशंटांना एकटीनं सुया देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यांनी जाऊन बाटली काढली, पोरग्याला लावली, आणि परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काचा बघा. वॉर्ड मी बघते."

बाजूला दुसरी सिस्टर कापसाचे बोळे करत बसली होती. ती म्हणाली, "बी.एस्सी. आल्या बाई आता आपल्याला इंजेक्शन शिकवायला."

हसल्या दोघी. वॉर्डातली मावशीही हसली. मावशी म्हणजे झाडलोट करणारी, पेशंटांचं सगळं उचलणारी बाई. तिला तर हसावंच लागायचं. पेशंटही हसले, कारण सिस्टर हसत होत्या.

मी माझ्या खोलीत गेले. त्या दिवशी ठरवलं की यापुढे वॉर्डातलं काही सांगायचं नाही. पुष्कळ लोक म्हणतात की नोकरीतली माणसं भीतीनं गप्प बसतात. बसत असतील. माझी नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची होती, तेव्हा भ्यायला कारण होतं. पण मी भ्याले नव्हते. मला राग आला होता. माझ्या दारावर जे लिहिलं होतं त्याला त्या हसल्या होत्या.

त्यानंतर महिना-सव्वा महिना गेला असेल.

एक पोरगी आली, धानवाल्या गावची, सातवा महिना चालू. सोबत सासू. पोरगी तापानं फणफणलेली. बायांच्या वॉर्डात सात नंबरची खाट रिकामी झाली होती, तिथे तिला घेतलं. मी काच पाहिली. साध्या हिवतापाची नव्हती, मेंदूत चढतो तो. डॉक्टरांनी लगेच क्विनाईन लावलं आणि दर आठ तासांनी लावायचं म्हणून लिहिलं. दुपारची पहिली बाटली तिलाच गेली.

चारच्या सुमारास एक म्हातारी आली, दुसऱ्याच कुठल्या गावची. खोकला, ताप. हिवताप नव्हता, काच स्वच्छ. तिला सात खाली.

पुढचं मला नंतर कळलं, पण सांगते इथेच. पोरीची बाटली संपलेली होती, तिला जरा बरं वाटत होतं. सासूनं खाली पाहिलं, म्हातारी सतरंजीवर कण्हत पडलेली. सासू सुनेला म्हणाली, "उठ वं. म्हातारं माणूस भुईवर हाय न तू वरतं लोळून राह्यली? लोकं काय म्हनतील?" पोरगी उठली. म्हातारी नको-नको म्हणाली, मग चढली. सगळ्या वॉर्डानं ते पाहिलं आणि सगळ्यांना ते बरोबर वाटलं. आमच्याकडे ते बरोबरच आहे.

संध्याकाळची पाळी बदलली. आठची बाटली सात नंबरला गेली. पहाटेची बाटलीही सात नंबरला गेली. बायका डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपतात. हात तेवढा बाहेर काढतात. सिस्टर हात पाहते आणि शीर शोधते. म्हातारीनं दोन्ही वेळा हात पुढे केला. दवाखान्यात देतात ते घ्यायचं असतं.

सकाळी आठला मी काचा घेऊन गेले. सात नंबरवर म्हातारी बसलेली, दोन्ही कानांवर हात.

"काय झालं आजी?"

"बाई, कानात किडे वाजून राह्यले. रातभर. काई आयकू येत नाई."

कान वाजले म्हणजे क्विनाईन. हे पुस्तकात बघावं लागत नाही, आमच्याकडच्या कोणत्याही लॅबवाल्याला ठाऊक असतं. मी खाली पाहिलं. पोरगी सतरंजीवर कूस वळवून झोपलेली, चेहरा लाल. सासू शेजारी बसून पदरानं वारा घालत होती.

म्हणजे मला समजलं. सकाळी आठ वाजता, एका मिनिटात, सगळं समजलं.

सिस्टर दहा पावलांवर होत्या. ट्रे लावत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाकून खालच्या पोरीच्या बोटाला सुई टोचली, थेंब घेतला आणि काचेवर '७' लिहिलं. 'खाली' लिहिलं नाही. क्विनाईनची पेशंट ती होती, तेव्हा तिची काच सातची. मी माझी चूक होऊ दिली नाही.

खोलीत येऊन काच रंगवली, पाहिली. जिथे नजर टाकावी तिथे रक्तपेशीत हिवतापाच्या जंतूंच्या बारीक अंगठ्या. आदल्या दिवसापेक्षा जास्त. मी रिपोर्टावर सात नंबर लिहिलं, चार अधिक चिन्हं केली, म्हणजे सगळ्यात जास्त, खाली सही केली, आणि रिपोर्ट मावशीच्या हाती वॉर्डात पाठवला. रिपोर्ट बरोबर होता. कोणीही तपासला असता तर माझ्याकडे बोट दाखवता आलं नसतं.

मावशी रिपोर्ट घेताना दारात थांबली. "मॅडम, ते सातवाली पोरगी खाली निजली हाय. तुमाले दिसलं न?"

"दिसलं," मी म्हणाले.

"मंग ठीक," म्हणाली आणि गेली. तिला वाटलं, शिकलेल्या बाईला दिसलं म्हणजे झालं.

डॉक्टर त्या दिवशी जिल्ह्याच्या मीटिंगला गेले होते, सकाळचा राउंड नव्हता. मी बाकीच्या काचा पाहिल्या. मध्ये एकदा उठून व्हरांड्यात गेले, तिथून वॉर्डाचं दार दिसत होतं, परत आले. मनात काय होतं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. विचार केला नाही असंही नाही. त्या चार तासांचं मला एवढंच आठवतं की पेन्सिलीचं टोक मोडलं आणि मी ते ब्लेडनं नीट तासलं.

बाराच्या आसपास वॉर्डातून ओरडा आला. पोरीला झटके सुरू झाले होते.

धावपळ झाली. सिस्टर खाली बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडातला फेस पुसला. मी दारात उभी राहून म्हणाले, "क्विनाईन तिला मिळालं नाही. काल रात्रीपासून वरच्या म्हातारीला गेलं."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. बाटली लावली, शीर पहिल्याच प्रयत्नात सापडली. डॉक्टर तीनला आले. पोरगी दोन दिवस बेशुद्ध होती. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. त्याच दिवशी पोटातलं बाळ गेलेलं निघालं. मुलगा होता.

मी त्या दिवशी डबा खाल्ला. भात आणि सुकटीची भाजी होती. हे का आठवतं, माहीत नाही.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर पुण्याकडचे, बोलणं मोजकं. आम्ही भिंतीला टेकून उभे. ते म्हणाले, "हे कसं झालं ते मला कळलंय. मला एवढंच विचारायचंय, कोणाकोणाला आधी माहीत होतं?"

पंखा फिरत होता. मावशी चहाचे कप घेऊन आत आली, तिला मीटिंगला बोलावलं नव्हतं. डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, तुम्हाला माहीत होतं का, सात नंबरची पोरगी खाली झोपली होती ते?"

"हो साहेब. तिच्या सासूनं उठवलं तवाच पायलं मी. तिथंच फरशी पुसून राह्यली होती."

"मग सांगितलं का नाही?"

मावशीनं कप टेबलावर ठेवले. "मले कोन इचारते साहेब? सिस्टरले सांगतलं तर म्हनतीन तू आपली फरशी पूस. मॅडमले सांगतलं व्हतं मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "मला सकाळी आठला कळलं होतं. मी बोलले नाही." आणि मग तेही सांगितलं की हे पहिल्यांदा नव्हतं, बारा नंबरला झालं होतं, तेव्हा मी बोलले होते आणि काय उत्तर मिळालं होतं. ते सांगताना मला वाटलं होतं की जरा हलकं वाटेल. वाटलं नाही. महिन्यापूर्वीचा अपमान तिथे त्या खोलीत इतका लहान दिसला की मलाच तो पुन्हा सांगायची लाज वाटली.

सिस्टर म्हणाल्या, "मी बोलले होते तसं. हो." मग माझ्याकडे वळल्या. "पण मॅडम, मी काही म्हटलं तरी तुम्ही सांगायचं होतं. माझ्या अंगावर ओरडायचं होतं."

"हो," मी म्हणाले.

मला वाटलं डॉक्टर आता नोटिसा काढतील. त्यांनी चहा घेतला. म्हणाले, "मी असतो तरी मला कळलं असतंच असं नाही. मीही नंबरच बघतो." मग कप खाली ठेवून म्हणाले, "उद्यापासून राउंड मावशी सुरू करतील."

सिस्टरना ते आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. मावशीला तर थट्टाच वाटली. पण दुसऱ्या दिवसापासून तसं झालं. सकाळी डॉक्टर, सिस्टर, मी, सगळे वॉर्डाच्या दारात उभे राहायचो, आणि मावशी हातात झाडायचा फडा घेऊन पुढे चालायची आणि सांगायची, कोण कुठे झोपलंय, कोण उठून गेलंय. ट्रे त्यानंतर निघायचा. प्रत्येकाच्या मनगटावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर बॉलपेननं नाव आणि गाव लिहायला लागलो; नवऱ्याचं नाव नको, बापाचं चालेल. आणि डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती: कोणीही 'थांबा' म्हणालं की सुई थांबवायची, आणि म्हणणारा चुकीचा निघाला तरी त्याला 'बरं झालं सांगितलंत' एवढंच म्हणायचं. दुसरं काही नाही.

पहिले दोन दिवस मावशी नुसती "ठीक हाय, ठीक हाय" म्हणत पुढे गेली. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं. "पाच नंबर पानठेल्यावर गेला हाय साहेब. त्याची सुई मले द्या, मले बी कमरेत दुखते." सगळे हसले. त्या हसण्यात आणि आधीच्या हसण्यात फरक होता, तो मला कळला.

मग एकदा ती चुकली. सिस्टर एका बाईला इंजेक्शन देत होत्या, मावशी एकदम ओरडली, "थांबा! हे ते नाई!" सिस्टरनी सुई वर धरली, पट्टी वाचली. तीच बाई होती, फक्त सकाळी डोकं धुवून केस मोकळे सोडले होते. मावशी पार मेल्यासारखी झाली. सिस्टरचा जबडा आवळलेला मला दिसला.

"बरं झालं सांगितलंत," सिस्टर म्हणाल्या. आणि इंजेक्शन दिलं.

ते वाक्य त्यांना किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. पुढे आमची मैत्री झाली नाही. पण त्यानंतर त्या ट्रे घेऊन निघताना कधीकधी माझ्या दाराशी थांबायच्या आणि विचारायच्या, "मॅडम, काही?" मी म्हणायची, "काही नाही." किंवा असलं तर सांगायची. एवढंच.

पोरीला सुट्टी झाली ती बारा-तेरा दिवसांनी. त्या दिवसांत सासू रोज सकाळी मला हात जोडायची. "तुमी लोकायनं वाचवली बाई. देवानं नातू नेला, पन सून ठेवली." तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं की नाही यावर डॉक्टर म्हणाले होते, मी बघतो. त्यांनी काय बघितलं मला माहीत नाही. म्हातारीही बरी होऊन गेली होती, कान थोडे जड राहिले होते.

सुट्टीच्या दिवशी सासू बाहेर झाडाखाली गाठोडं बांधत होती. तिथे नातेवाईक चूल मांडून स्वयंपाक करायचे. मी काही ठरवून गेले नव्हते. जाऊन समोर बसले. खाली, मातीत.

"बाई," मी म्हणाले, "तुमच्या सुनेचं औषध वरच्या म्हातारीले गेलं. खाट बदलली न, म्हणून. मले सकाळीच समजलं होतं. दुपारपर्यंत मी कोणाले बोलली नाई. तवापर्यंत बिघडलं."

वॉर्डात मी अशी भाषा बोलत नसे. त्या दिवशी तीच आली.

सासूचे हात गाठीवर थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं शिव्या देईल. द्याव्या असंच वाटत होतं. चुलीतली राख वाऱ्यानं थोडी उडाली.

"काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती.

कारण तर होतं. जे होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. सिस्टर मला हसल्या होत्या म्हणून, असं कोणत्या तोंडानं सांगणार?

"सिस्टरले नाई सांगाचं व्हतं तं मले सांगाचं व्हतं पोरी," ती म्हणाली. "मी तं तिथंच बसली व्हती. मीच तिले उठवलं व्हतं, मीच परत वरतं निजवली असती. तेवढंच तं काम व्हतं."

मग तिनं गाठ पक्की केली आणि उठली.

खरंच तेवढंच काम होतं. मी चार तास सिस्टरकडे जावं की न जावं हेच पाहत राहिले होते. सतरंजीशेजारी बसलेल्या बाईला सांगता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती माझ्या आईसारखीच दिसत होती, तशीच बोलत होती, आणि तरी नाही आलं.

रस्त्यावर काळीपिवळी जीप उभी होती. मी गाठोडं उचलून तिथवर गेले. सासूनं सुनेला मधल्या बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली. पोरगी वाळून काटकीसारखी झाली होती. मनगटावरची पट्टी तशीच होती, अक्षरं पुसट झालेली. जीप भरत आली तेव्हा एक म्हातारबाबा काठी टेकत आले आणि दाराशी उभे राहिले. जागा नव्हती.

पोरगी उठायला लागली. सवयीनंच.

सासूनं तिचं मनगट धरलं. "बस," म्हणाली. "तू नको उठू." आणि स्वतः उठून मागं, टपाच्या दांडीला धरून उभी राहिली.

जीप गेली. मी परत आले. टेबलावर सकाळच्या नऊ काचा राहिल्या होत्या. एकेक घेऊन पाहिल्या.